पायाळूची लाथ

सोजरला एकच डोळा होता. दुसरा कुठं गेला, हे विचारायची शुक्रवार पेठेत कुणाची छाती नव्हती. लिमये डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात नवा कंपाउंडर आला, त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं. ‘खराडीला आमच्या वावरात पडलाय, घावला तर घेऊन ये,’ असं उत्तर मिळालं. तो हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, बाई खरं तेच सांगत होती.

खराडी तेव्हा पुण्यात धरत नसत. नदीकाठचं गाव, ज्वारी नि भाजीपाला. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी सोजर तिथं जन्मली, ती पायाकडून. आधी तळपाय, मग ढुंगण, डोकं सगळ्यात शेवटी. ते डोकं बाहेर येईपर्यंत आईचा अर्धा जीव गेला होता, उरलेला अर्धा सातव्या दिवशी तापात गेला. सोजरला चुलत्याकडे ठेवून बापानं दुसरी बायको केली आणि तिच्या गावाला राहायला गेला. गावाला या कशाचं फारसं वाईट वाटलं नाही. गाव खुशीत होतं, कारण गावात पायाळू जन्मली होती.

पायाकडून जन्मलेलं माणूस ते पायाळू, आणि पायाळूच्या अंगी काय काय असतं याची आपल्या लोकांनी मोठी यादी करून ठेवलेली आहे. त्याला जमिनीखालचं धन दिसतं. वीज त्याला शोधत येते. आणि कंबरेत उसण भरली की पायाळूनं लाथ मारावी, उसण पळाली म्हणून समजा. सोजरला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून तिच्या दारात माणसं पालथी पडलेली असायची. चुलती तिला बगलेत हात घालून उचलायची आणि एकेकाच्या कंबरेवर आपटायची. उसण गेली तर तो पायाळूचा गुण. नाही गेली तर पोरीनं मनापासून मारली नाही, आणि मग पोरीच्या मांडीला चिमटा. आपल्याकडे देव आणि पायाळू यांना हुकलेल्याचा जाब कायम द्यावा लागतो, तो हा असा.

चुलता संभाजी मात्र लाथांवर समाधान मानणारा नव्हता. त्याच्या वावरात बाभळीखाली मोहरांचा हंडा पुरलेला आहे, असं त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. त्या बापानं आयुष्यभर कधी मोहर पाहिली नव्हती, पण हे मनात आणायचं नसतं. सोजर नऊ वर्षांची झाली तेव्हा संभाजीनं कुठूनसा एक मांत्रिक आणला. अमावास्येच्या भर दुपारी तिला बाभळीखाली नेलं. चुलत भाऊ संपत बारा वर्षांचा होता. त्यानं तिचं डोकं आपल्या दोन गुडघ्यांत घट्ट धरलं, हात संभाजीनं दाबले, आणि मांत्रिकानं तिच्या डाव्या डोळ्यात अंजन घातलं. अंजन म्हणजे काजळ, आणि त्या काजळात शेराच्या झाडाचा चीक, डोळा जाळणारा. शेराचं कुंपण ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

ती ओरडली ती गावात ऐकू गेली. उजव्या डोळ्याकडे बोट आलं तेव्हा तिनं ते तोंडात धरलं आणि दात हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. मांत्रिक बोंबलत उठला. रक्त तिच्या तोंडात आणि त्याच्या धोतरावर. ‘काय दिसतंया, सांग!’ संभाजी तिला गदागदा हलवत होता. ‘आग दिसतीया,’ ती म्हणाली. त्यानं खुणेच्या जागा विचारल्या, तिनं सुटका व्हावी म्हणून हात जाईल तिकडे दाखवलं. दिवस मावळेपर्यंत चार खड्डे झाले. धन निघालं नाही. मग संभाजीनं बैलाचा कासरा घेतला आणि दमेपर्यंत तिला मारलं, आणि संपत बाजूला उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून तिनं त्याला दादा म्हटलं नाही. आणि त्या दिवसापासून कुणाच्या कंबरेवर पाय उचलला नाही. मारलं तरी नाही, उपाशी ठेवलं तरी नाही.

एका डोळ्याच्या पोरीला नवरा कसा मिळणार? जसा मिळायचा तसा मिळाला. बजरंग मंडईत हमाली करायचा, त्याची पहिली बायको त्याच्या मारामुळं पळून गेली होती. मंडईमागच्या एका खोलीत सोजरचा संसार सुरू झाला. बजरंग वाईट होता असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण तो रोज वाईट होता, नेमानं, ड्युटीवर गेल्यासारखा. दिवसभराची पोती पाठीवरून उतरली की हात शिवशिवायचे. ती चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि तो मागून पाठीत बुक्क्या घालायचा. भाकरी मोडली तर आणखी एक कारण मिळायचं. म्हणून सोजर शिकली: पाठ त्याला देऊन टाकायची आणि हात आपल्याकडे ठेवायचे. पाठीवर दणके पडत असायचे आणि परातीत भाकरी गोल गोल फिरत मोठी होत असायची, कड न फाटता. हे शिक्षण पुढं कामाला येणार होतं. कुणाच्या नशिबी असली शाळा येऊ नये, एवढंच म्हणायचं.

त्या घरात एकच गोष्ट चांगली होती, सासू सरुबाई. ती सुईण होती. पोराला मारापासून अडवण्याची तिच्यात ताकद नव्हती, पण सुनेच्या हातात काहीतरी घालून जायची अक्कल होती. ती सोजरला बाळंतपणांना बरोबर न्यायला लागली. एकदा बोहरी आळीच्या मागच्या एका बाईचं बोलावणं आलं. आठवा सरला होता आणि पोर पोटात बसल्यासारखं, डोकं वर, ढुंगण खाली. सरुबाईनं तिला उताणं निजवलं, कंबरेखाली घोंगडीची घडी दिली आणि पोटाला तेल लावून दोन्ही हात ठेवले. एक हात खाली ढुंगणापाशी, एक वर डोक्यापाशी. खालचं वर उचलायचं आणि वरचं हळूहळू वळवून खाली आणायचं. पोट दगडासारखं झालं की थांबायचं, सैल पडलं की पुन्हा.

‘ढकलायचं न्हाई गं,’ सरुबाई म्हणाली. ‘निस्ती वाट दाखवायची. त्याला यायचं नसंल तर हात जोडायचं आन् उठायचं.’

अर्ध्या तासानं पोटाखालचा आकार सरकला आणि पोरानं कोलांटी घेतली. सोजरनं स्वतः हात लावून पाहिला. खाली नारळासारखं टणक डोकं. तिला एवढंच कळलं, की ह्या पोराला आता कुणी पायाळू म्हणणार नाही. ह्याच्या डोळ्यात कुणी काही घालणार नाही. तिला रडूच फुटलं, आणि सरुबाईला वाटलं पोरगी घाबरली.

पुढं बजरंग दारूत गेला, सरुबाई म्हातारपणानं गेली, आणि चौऱ्याहत्तर साली सोजर लिमये डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. फरशी पुसायची, पाणी तापवायचं. कुसुम लिमये म्हणजे जुन्या पुण्याच्या बाई. दारावर पाटी होती: ‘मुलगा होण्याचे औषध येथे मिळत नाही. मिळते तेथे गेल्यास परत येथे येऊ नये.’ एकदा पायाळू पोराची एक बाई टेबलावर होती, डॉक्टर स्वतः पोर फिरवायला बघत होत्या आणि ते हलत नव्हतं. सोजर बादली घेऊन उभी होती.

‘बाई, पोट आवळलंय. जरा थांबा,’ ती बोलून गेली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘आपण कुठल्या कॉलेजच्या?’

‘मंडईमागच्या.’

‘अस्सं. मग या, शिकवा आम्हाला.’

हे टोचून बोलणं होतं. पण सोजरनं बादली ठेवली, हात धुतले आणि खरंच पुढं आली. वीस मिनिटांनी बाळ खाली डोकं करून होतं आणि लिमये डॉक्टर लाकडी नळी पोटाला लावून त्याचे ठोके मोजत होत्या. ठोके नीट होते. त्या दिवसापासून सिझर टळण्यासारखं असलं की सोजरला बोलावणं यायचं. पण एक अट होती, ती डॉक्टरांनी तिला दरडावून सांगितली होती.

‘माझ्या टेबलावर, माझ्यासमोर. वळवताना बाळाची वार आतच सुटली तर रक्त थांबत नाही, पाच मिनिटांत पोट उघडावं लागतं. घरोघरी जाऊन हे उद्योग केलेत, तर मीच तुम्हाला पोलिसात देईन, सोजरबाई. कळलं?’

सोजरला कळलं होतं. वीस वर्षं तिनं ती अट पाळली. किती पोरं वळवली याचा हिशेब तिनं ठेवला नाही. जी वळली नाहीत ती डॉक्टरांनी पोट कापून काढली, तीही जगली. सिझरच्या पोरालाही पायाळू म्हणत नाहीत, तेव्हा तिचं दोन्हीकडून भागत होतं.

खराडीला ती कधी गेली नाही. मंडईत खराडीचे भाजीवाले यायचे, त्यांच्याकडून कळायचं. संभाजी मेला. वावर संपतकडे आलं. संपतचं लग्न झालं, बायको आनंदीबाई. मुलगा झाला, त्याचंही लग्न झालं. पंच्याण्णव साली कळलं की वावर एका बिल्डरनं घेतलं, दिवाळीनंतर ताबा. सोजरला वाटलं, बरं झालं, एकदाची ती बाभळ तरी जाईल.

नवरात्र सरलं आणि एका सकाळी आनंदीबाई मेथीच्या जुड्या घेऊन मंडईत आली, ती गाळ्यावर न बसता थेट प्रसूतिगृहात. पदर तोंडावर ओढलेला, गालाखाली काळंनिळं.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘माज्या सुनंला वाचवा.’

सून म्हणजे उल्का. वीस वर्षांची. नववा लागला होता. महिन्यापूर्वी वाघोलीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, बाळ पायाळू आहे, सिझरची तयारी ठेवा. हे ऐकून घरात कुणी घाबरलं नाही. संपतनं पेढे वाटले. बापाच्या वेळचा हंडा अजून वावरात होता, बिल्डरची मशीन यायला महिना राहिला होता, आणि देवानं नेमक्या वेळी घरात पायाळू पाठवली होती. त्यानं सुनेला डॉक्टरकडे न्यायचं बंद केलं. पोट कापलं तर पोर पायाळू राहत नाही, म्हणून सिझर नको. तो माजघराला कडी घालून दारात बसून राहायला लागला. गावाबाहेरचा कुणी मांत्रिक येत-जात होता.

‘तान्हं उराशी धरून वावरात फिरवायचं, रडंल तिथं खणायचं, असं ह्यांनी आदी सांगितलं,’ आनंदीबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक होत गेला. ‘परवा म्या भिंतीआडनं ऐकलं. मांत्रिक म्हनला, हंड्यावर राखनदार हाय. त्यो काहीतरी मागनार. ह्यांनी इचारलं, काय मागंल? त्यो बोलला न्हाई. निस्तं हसला. म्या बोलले तर हे बगा.’ तिनं पदर बाजूला केला. कानामागची जखम अजून ओली होती.

अडतीस वर्षं सोजरनं ज्याला पाठ दाखवली होती ते तिच्या दारात येऊन उभं होतं.

‘घेऊन या तिला,’ लिमये डॉक्टर म्हणाल्या. ‘पोलिसात मी कळवते, ते येतील तेव्हा येतील. तुम्ही कसंही करून तिला इथं आणा. तिथं पोटाला हात लावायचा नाही.’

सोजरनं खण-नारळ घेतला, पिशवीत तेलाची बाटली टाकली, आणि का कोण जाणे, ठोके ऐकायची लाकडी नळीही टाकली. दुपारी ती खराडीच्या घरासमोर उतरली.

संपत ओसरीवर बसला होता. केस पांढरे झाले होते, गुडघे तेच. शेजारी भिंतीला पहार टेकवलेली, नुकतीच धार लावून आणलेली. तिला पाहून तो उठला, आणि त्याचा चेहरा उजळला. ती काय काम करते हे त्याला धड माहीत नव्हतं. एका दवाखान्यात फरशी पुसते, एवढंच त्याच्या कानावर होतं. पण ती पायाळू होती हे तो विसरला नव्हता.

‘ये, सोजरे, ये! घरात पायाळू यायची, आन् पायाळूच दारात आली. शकुन हाय ह्यो!’ त्यानं स्वतः माजघराची कडी काढली. ‘पोरीच्या पोटावर हात फिरव तुजा. पायाळूचा हात लागला की पक्कं व्हतंय म्हनं.’

माणूस आपल्या खुळचटपणापायी चोरालाच तिजोरीपुढं नेऊन उभा करतो, तसं झालं. सोजरनं मान हलवली आणि आत गेली, मंडईतून आधीच परतलेली आनंदीबाई तिच्या मागोमाग. संपत पुन्हा ओसरीवर बसला. त्याचा मुलगा, उल्काचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बापापुढे त्यानं जन्मात मान वर केली नव्हती. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

उल्का चटईवर बसली होती. डोळे सुजलेले, ओठ फुटलेला.

‘आत्याबाई, सकाळपासनं पोट धरतंय अधनंमधनं,’ ती म्हणाली.

सोजरनं पोटाला हात लावला. कळा नव्हत्या अजून, कळांची चाहूल होती. डोकं वर, बरगडीखाली. पाणी गेलेलं नव्हतं. म्हणजे आज, फार तर उद्या. पोलीस येतील तेव्हा येतील. डॉक्टरांचं बोलणं तिच्या कानात होतं. वार सुटली तर इथं ना टेबल ना सुरी, पोरगी ह्याच चटईवर जाईल आणि तिचं रक्त सोजरच्या हाताला लागलेलं असेल. आणि वळवलं नाही तर? तिला तो कासरा आठवला. तिला बाभळ आठवली.

‘उल्का, ऐक,’ ती शेवटी म्हणाली. ‘हे इथं करायचं काम न्हाई. तू मरूबी शकतीस. तुला म्हाईत असलं पाह्यजे. करू का?’

उल्कानं दाराकडे पाहिलं, मग पोटाकडे. ‘करा,’ ती म्हणाली.

आनंदीबाईनं कंबरेखाली गोधडी सारली आणि तेल ओतलं. सोजरनं हात ठेवले. ढुंगण खुब्यातून सुटायला वेळ लागला, पण सुटलं. डोकं बरगडीखालून निघून बाजूला आलं. पोट आवळलं, ती थांबली. सैल झालं, ती पुढं सरकली. बाळ आता आडवं होतं, पोटात आडव्या ठेवलेल्या कलिंगडासारखं. ही सगळ्यात वाईट जागा. इथं सोडलं आणि कळा आल्या तर हात बाहेर येतो आणि दोघंही जातात.

नेमकी तेव्हाच उल्का कळवळली, आणि दारातल्या नवऱ्यानं आत पाहिलं.

‘आबा!’ तो ओरडला. ‘आत्या पोर फिरवतीया!’

संपत आत आला तो काठी घेऊनच. ‘हात काढ!’

‘आडवं हाय,’ सोजर म्हणाली. तिनं मान वळवली नाही. ‘आता हात काढला तर दोगं मरतील.’

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी मानेखाली. तिसऱ्या काठीला तिच्या तोंडातून रक्त आलं, जीभ दातांखाली सापडली होती. संपत शिव्या देत होता आणि मारत होता, काठी उंच जायची तेव्हा आढ्याला घासायची. आनंदीबाई मध्ये पडली, तिला त्यानं लाथेनं भिंतीवर फेकलं. सोजर वाकली, एवढंच. पाठ तिनं त्याला देऊन टाकली. हात तेलातून सरकत राहिले, सावकाश, एका लयीत, धसका न देता. पूर्वी परातीत भाकरीवर फिरायचे तसे. तिच्या हनुवटीवरून रक्ताचे थेंब उल्काच्या पोटावर पडत होते आणि तेलात पसरत होते. उल्का तिच्या एका डोळ्याकडे टक लावून बघत होती आणि श्वास सोडायला विसरत होती.

‘सास सोड, पोरी,’ सोजर म्हणाली.

उल्कानं श्वास सोडला. पोट सैल झालं आणि पोर वळलं.

काठी मोडली होती. सोजरनं पिशवीतून नळी काढली, पोटाला लावली, कान टेकला. आधी आपलंच रक्त कानात वाजताना ऐकू आलं. मग खालून, लांबून, टकटक टकटक. ती ऐकतच राहिली. तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

‘झालं?’ संपतनं विचारलं. तो धापा टाकत होता.

‘झालं. डोकं खाली हाय.’

मग तो जे बोलला ते ऐकून आनंदीबाईचंही रडणं थांबलं. ‘परत फिरव,’ तो म्हणाला. ‘व्हतं तसं कर.’

‘न्हाई.’

त्यानं बाहेरून पहार आणली. सोजरचा उजवा हात मनगटापाशी धरून उंबऱ्यावर दाबला आणि पहार बोथट बाजूनं घातली. एकदा. मनगटाची हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सोजर ओरडली नाही, तिला ओरडायला श्वासच नव्हता.

‘मग मीच फिरवतो,’ असं म्हणून संपतनं पहार टाकली, उल्काच्या पोटाशी गुडघा टेकला आणि दोन्ही पंजे पोटावर ठेवले.

आनंदीबाईनं तीस वर्षं ज्या मुसळानं त्याच्या घरचं धान्य कांडलं होतं, ते मुसळ उचललं आणि वाकलेल्या नवऱ्याच्या कंबरेत दोन्ही हातांनी घातलं. संपत तोंडावर पडला. तो उठायला लागला तसं तिनं पुन्हा घातलं. ‘ऊठ,’ ती म्हणाली, ‘ऊठ की. आनखी कांडते.’ तो उठला नाही.

दारात मुलगा उभा होता. तिघी त्याच्यासमोर आल्या. एकीच्या कानामागून रक्त वाहत होतं, एकीच्या तोंडातून, आणि मधली पोट धरून होती. त्यानं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि बाजूला झाला. जन्मात त्यानं स्वतःच्या मनानं केलेलं ते पहिलं काम असावं.

रस्त्यावर मेथीचा टेम्पो मिळाला. जुड्यांवर उल्काला निजवून तिघी पुण्यात आल्या. लिमये डॉक्टरांनी उल्काला तपासलं, ठोके ऐकले, सोजरच्या मनगटाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

‘मी सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या, ‘तिथं हात लावायचा नाही.’

‘व्हय बाई.’

‘पोलिसात देणार होते मी तुम्हाला.’ एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्का बाळंत झाली. सोजर गळ्यात हात बांधून टेबलाच्या टोकाशी उभी होती, कुणी म्हटलं तरी हलली नाही. आधी काळे केस दिसले. ‘डोकं आलं,’ ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. मुलगी होती. साधी, डोक्याकडून जन्मलेली, चारचौघींसारखी मुलगी.

संपतला पोलिसांनी धरलं, तो चार दिवस आत राहिला आणि सुटला. तारखा पडत राहिल्या. आनंदीबाई परत गेली नाही, सून आणि मुलाबरोबर विश्रांतवाडीला राहायला लागली. मुलगा एका गोदामात कामाला लागला. बिल्डरच्या मशीननं दिवाळीनंतर सगळं वावर दोन पुरुष खोल उकरलं. बाभळीखाली दगड निघाले आणि एक गंजलेली विळी निघाली. सोजरचं मनगट वाकडं जुळलं. त्या हातानं तिनं पुन्हा पोर वळवलं नाही. डॉक्टरांनी तिला नोकरीवर ठेवलं. नव्या नर्सेसना शिकवताना त्या म्हणायच्या, ‘ह्यांना विचारा, मंडईमागच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉल आहेत.’

सात वर्षांनी, हिवाळ्यात, मंडईमागच्या खोलीपुढे रिक्षा थांबली. आतून उल्काची मुलगी टुणकन उतरली, पिंकी. तिच्यामागून संपत उतरला, काटकोनात वाकलेला. मुसळ बसल्यापासून थंडी आली की त्याची कंबर धरायची, यंदा तर सरळ होईना. मधल्या काळात मुलाला दया आली होती, नात आजोबाकडे जात-येत होती.

‘सोजरे,’ तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, ‘माफी मागायला तोंड न्हाई मला. डाक्टर झालं, लेप झालं. काय बी गुन न्हाई. तू पायाळू हाईस. एक लाथ घाल. येवडं कर, मग पुन्यांदा दारात येनार न्हाई.’

तिनं बोटानं जमीन दाखवली. तो कण्हत खाली झाला आणि भिंतीकडे तोंड करून पालथा पडला, लहानपणी दारात माणसं पडायची तसाच.

पंचेचाळीस वर्षांनी तिनं पाय उचलला. तिच्या कानशिलांवर बाभळीखालच्या त्याच्या गुडघ्यांचा दाब आला, तसाच्या तसा. खाली त्याचा कणा होता, म्हातारा, सदरा वर सरकून उघडा पडलेला. टाच कुठं घातली की माणूस पुन्हा उठणार नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिला ती घालायची होती. खोटं कशाला बोला, तिला फार घालायची होती.

पिंकी उंबऱ्यावर शेंगा खात बसली होती. ‘आज्जी, काय करतेस?’

सोजरनं पाय खाली ठेवला. ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं आणि आजोबाच्या कंबरेकडे बोट केलं. पिंकीला दोनदा सांगावं लागलं नाही. शेंगा टाकून तिनं धावत येऊन सणसणीत लाथ घातली. मजा वाटली म्हणून आणखी एक.

काहीतरी कट्कन वाजलं. संपत ओरडला, मग गप्प झाला, मग कुशीवर वळला, उठून बसला. बसला तो सरळ. कंबरेला हात लावून त्यानं डावीकडे वळून पाहिलं, उजवीकडे वळून पाहिलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

‘गेली! अक्षी गेली! पायाळूची लाथ ती पायाळूचीच, सोजरे!’

‘म्या न्हाई मारली,’ ती म्हणाली. ‘हिनं मारली. डोक्याकडनं जन्मली हाय ही. माज्या ह्या हातानं.’

‘खोटं बोलतीयास.’

‘आजोबा, मीच मारली,’ पिंकी म्हणाली. ‘दोनदा मारली.’

संपत नातीच्या पायांकडे बघत राहिला. धुळीनं माखलेले, साधे पाय. मग त्यानं मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सोजरच्या डाव्या डोळ्याकडे, त्या बुजलेल्या खाचेकडे, नीट पाहिलं.

‘हिच्यानंबी जाती उसण,’ सोजर म्हणाली. ‘कुनाच्याबी लाथंनं जाती. मग माजा डोळा कशापायी गेला रं, दादा?’

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. डोळा गेला तरी त्याचं पाणी आटलेलं नव्हतं, ते दोन्हीकडून येत होतं. पिंकीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग सांडलेल्या शेंगा गोळा केल्या आणि त्यातल्या दोन सोजरच्या वाकड्या हातावर ठेवल्या.